बॅकची स्टिक कापली तेव्हा

हॉकीची स्टिक कापता येते, वाढवता येत नाही. हे समजायला शाळा शिकावी लागत नाही. पण मला ते नीट समजलं तोवर माझं वाटोळं झालं होतं. वाटोळं म्हणजे वाटोळंच. मी शब्द मऊ करून सांगणार नाही.

अमरावतीच्या एका क्लबात मी बॅक खेळत असे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळं जे काही मोठं ते नागपूरला. आमचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता. पहाटे झेंडू-शेवंती तोडून बाजारात पोचवायची, दिवसभर वाफ्यांना पाणी द्यायचं आणि ऊन उतरलं की मैदान गाठायचं. क्लबात बाकी सगळी वकिलांची, मास्तरांची, भटजींची मुलं. माळ्याचा मी एकटा. मला त्यांनी घेतलं होतं, कारण माझ्या अंगावरून बॉल पुढं जात नसे. कोणी प्रेमानं घेतलं होतं असं नाही.

बापाला हे सारे थेर वाटत. "वकिलाइच्या पोट्ट्यांत तू काय करून राह्यला बे?" तो विचारायचा. "ते उद्या कोर्टात जातीन, तू कुठी जाशीन?" मी कुठं जाणार ते मला ठाऊक होतं. त्या साली अकोल्याच्या मॅचला नागपूरहून रेल्वेचा माणूस येणार होता. त्यांच्या संघात ज्याला घेतील त्याला रेल्वेत नोकरीही लागणार होती. बापाला हे सांगितलं. तो म्हणाला, "या साली काय ते पाहून घे. नाई जमलं तं दिवाळीपासून मळा तुया अंगावर. मंग हॉकीचं नाव काढायचं नाई." बाप एकवचनी माणूस. म्हणजे मला सगळा मिळून एक मोसम होता.

माझी स्टिक लांब आणि जड होती. बॅकला तशीच लागते. धावत येणाऱ्याचा बॉल लांबूनच हिसकावायचा असतो, तिथं वाकत बसायला वेळ कोणाला? म्हणून बॅकची स्टिक पायाशी उभी धरली तर कमरेच्या हाडाच्या वर आली पाहिजे. फॉरवर्डचं उलटं. त्याला बॉल पायाशी खेळवत न्यायचा असतो. लांब स्टिक घेतली तर मूठ पोटात टोचते आणि बॉल मागं राहतो.

मोसम सुरू झाला आणि आमचा एक फॉरवर्ड वडिलांची बदली झाली म्हणून जबलपूरला गेला. क्लबाचे सेक्रेटरी एक तरुण वकील होते. स्वतः खेळत नसत, पण कोणी कुठं खेळायचं ते तेच ठरवत. ते मला म्हणाले, "तुझ्या पायांत वेग आहे. मागं फुकट जातोस. पुढं ये." मी पुढं गेलो. आठवडाभर त्या लांब स्टिकनं पोटात नुसते टोले खाल्ले. वकीलसाहेब म्हणाले, "कापावी लागेल."

आमच्या क्लबात स्टिक कापणं म्हणजे गंमत नव्हती. जागा बदलली की स्टिक सगळ्यांसमोर मैदानातच कापायची, आणि कापताना वरचं टोक सेक्रेटरीनं हातात धरायचं. त्यानं टोक धरलं की ती जागा तुझी, मोसम संपेपर्यंत. लग्नाची सुपारी फुटते तसंच ते. सुपारी फुटल्यावर पोरगी कोणी दुसऱ्याला देतं का?

वकीलसाहेबांनी स्टिक माझ्या पायाला लावून पाहिली आणि वरून चार बोटं सोडून नखानं खूण केली. मी करवत हातात घेतली. मी म्हटलं, "साहेब, पक्कं ना? कापल्यावर हे काई जुळत नाई." ते हसले. "अरे, मी धरलंय ना?" झालं. मी करवत चालवली. आतला वेत चिरत गेला, मुठीचा दोरा सुटला, आणि तो तुकडा वकीलसाहेबांच्या हातात राहिला. त्यांनी तो बाजूला टाकून हात झटकले. दोरा मी पुन्हा घट्ट गुंडाळून घेतला.

आणि खरं सांगतो, त्यानंतरचा महिना माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. बॉल स्टिकला चिकटल्यासारखा चाले. मी मळ्यातसुद्धा मोटेच्या धावेवरून पळत सुटायचो. बाप म्हणे, "पोट्टं पागल झालं." मला वाटायचं, पागल तर पागल.

अकोल्याला जायला आम्ही बडनेऱ्याला गाडीत बसलो. डब्यात वकीलसाहेबांचा भाचाही होता, नागपूरच्या कॉलेजात शिकणारा, सुट्टीला मामाकडं आलेला. पांढरीशुभ्र पँट, स्टिकला कापडी खोळ. मला वाटलं मॅच पाहायला येत असेल. त्याला खिडकीची जागा मीच करून दिली.

मॅचच्या आधी वकीलसाहेबांनी संघ सांगितला. माझ्या जागी भाचा. मी बॅक.

"साहेब, मी बॅक कसा खेळू?" मी स्टिक त्यांच्यापुढं धरली. "तुमीच तं कापवली."

"तुला बॅकची सवय आहे ना? मग झालं तर. काठीनं काय होतं? खेळणारा पाहिजे."

"मंग कोणाची लांब तरी मिळवून द्या."

"आता कुठून आणू? ऐन वेळी नखरे नकोत."

दुसऱ्या बॅकची स्टिक लांब होती, पण ती त्याला लागणार. भाच्याची स्टिक माझ्याहूनही आखूड. अकोल्यावाल्यांकडं मागायची तर वकीलसाहेबांना कमीपणा वाटला. मी उतरलो तसाच.

पुढं काय सांगू? अकोल्याचा एक काटक पोरगा डाव्या बाजूनं सुटायचा. नेहमीसारखी मी स्टिक पुढं टाकायचो, आणि बॉल दोन बोटं पलीकडून निघून जायचा. हाताला जुनी लांबी पाठ होती ना! वाकून गाठायला जावं तर तो कधीच पुढं गेलेला. असे दोन गोल झाले. "अबे ए बुढ्या, कंबर मोडली काय?" लोक बाहेरून ओरडत होते. एकविसाव्या वर्षी मी बुढ्या झालो. पुढं भाचा बरा खेळला. वाईट खेळला असं मी म्हणणार नाही. पण त्यानं मारलेल्या गोलांतला एक तर आमच्या मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही मारतं.

मॅच संपल्यावर रेल्वेचा माणूस आमच्याकडं आला. त्यानं माझ्या हातातली स्टिक घेतली आणि पायाशी उभी करून पाहिली. "बॅक होके इतनी छोटी स्टिक?"

मी तोंड उघडायच्या आत वकीलसाहेब बोलले, "क्या करें साहब, समझा के थक गए. खेतीवाले लोग हैं, सुनते नहीं."

माझ्या डोक्यात जाळ झाला. "साहब, इन्होंनेच कटवाई," मी म्हटलं. "पूछो सबको." मी मागं वळलो. ज्यांच्यासमोर स्टिक कापली ते सगळे तिथंच उभे होते. एकाला बुटाची नाडी आठवली. एक पाणी प्यायला गेला. दुसरा बॅक, ज्याच्या खांद्याला खांदा लावून मी तीन मोसम खेळलो, तो आभाळाकडं पाहू लागला. रेल्वेच्या माणसानं स्टिक माझ्या हातात दिली आणि भाच्याला नाव विचारलं.

भाच्यालाच घेतलं त्यांनी. त्याला नोकरी नको होती, त्याला वकील व्हायचं होतं. तो दोन महिने खेळून परत आला म्हणे.

परतीच्या गाडीत वकीलसाहेब खुशीत होते. त्यांनी चिवड्याचा डबा उघडला, मूठभर चिवडा कागदावर काढून माझ्यापुढं धरला. "घे रे. रागावू नकोस. पुढच्या मोसमात फॉरवर्डला तूच. तुझी स्टिक तर कापून तयारच आहे."

ते टोमणा मारत नव्हते. तसं असतं तर बरं झालं असतं, मी तिथंच दोन शिव्या हासडल्या असत्या. त्यांना मनापासून वाटत होतं की ते मला काहीतरी देत आहेत. पुढचा मोसम त्यांच्याकडं होता, म्हणून त्यांनी दिला. दिवाळीनंतर मी मळ्यात असणार होतो, आणि तिथंच जन्म काढणार होतो.

मी चिवडा घेतला नाही. उठलो आणि डब्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. मागून वकीलसाहेब भाच्याला विचारत होते, "याला काय झालं रे?"

"दमला असेल," भाचा म्हणाला.