मिश्रीला रकाना नव्हता

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी व्यसनांच्या पाहणीचे फॉर्म भरत उचगावात घरोघरी हिंडत होते. एका घरी बाई तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजत बसली होती. दातांना लावायची मिश्री करत होती. धुरानं मला ठसका लागला. खोकत खोकतच मी विचारलं, "घरात व्यसन कुणाला आहे?"

"मालकास्नी. दारूचं. मी कशाला हात लावत न्हाय."

मी तिच्यापुढं 'व्यसन नाही' लिहून मोकळी झाले. मिश्रीला व्यसन म्हणायची आमच्याकडं पद्धतच नव्हती, आणि फॉर्म छापणाऱ्या शहाण्यांनीही तिला रकाना ठेवला नव्हता. ज्या धुरानं मी खोकत होते, तोही मला दिसला नाही, इतकी मी आंधळी.

उठताना सहज विचारलं, "दिवसातनं किती वेळा लावता?"

"भाकरी पोरांपुरतीच हुती बगा. मग लावायची की. भूक मरती."

मी 'नाही' खोडलं. फॉर्म तसाच मिटून निघाले.

माझे वडीलही प्यायचे. लहानपणी आम्ही भावंडं जेवायला बसलो की आई उंबऱ्यावर बसून मिश्री लावायची आणि म्हणायची, "तुमी जेवा, मी मागनं जेवते." त्या दिवशी सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत आले. आईला मागनं जेवताना कधी बघितलं का, ते वाटभर आठवत होते. एकदाही आठवलं नाही.