मुतारीतले दादा

आमच्या दादांचा तीन बाय चार फुटांचा रंगीत फोटो हिंगोलीतल्या एका सार्वजनिक मुतारीत लावलेला आहे, आणि त्याचं सगळं श्रेय माझं आहे.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वय त्रेसष्ट, हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, डोंगरकड्याला राहतात. मी बावन्न वर्षांचा, हिंगोलीत एका ऑफिसात हेडक्लार्क, दोन लेकरांचा बाप. पण दादांनी "वसंता!" अशी हाक मारली की आजही माझा हात आपोआप शर्टाचं वरचं बटण लावायला जातो. (बनियनवर असलो तरी जातो!)

सगळं सुरू झालं हळदीपासून. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला आम्ही सगळे जीपनं निघालो होतो. निघून दहा मिनिटं झाली नाहीत तोच दादा म्हणाले, "थांबव रे जरा. ही हळद बघून येतो." उतरले, लांब बांधाकडं गेले, बऱ्याच वेळानं परत आले. पुढं पुन्हा, "थांबव, ही हळद चांगली दिसून राहिली." आता आमच्या खानदानात कुणाला गुंठाभर शेत नाही. हळदीशी आमचा संबंध वरणापुरता. चौथ्या वेळी उतरले तेव्हा तर समोर ऊस होता!

माझी बायको सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, दादांना तकलीफ हाय. वहिनी सांगत होत्या, रात्री पाच-पाच वेळा उठतात म्हणून."

मला एकदम शेखचाचा आठवले. आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर. त्यांचंही असंच झालं होतं. लघवीची तक्रार, सांगायची लाज, आणि दाखवायला गेले तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडापर्यंत पोचलेला. आता औषधांवर चाललंय. मला एकदा म्हणाले होते, "बाबूजी, बीमारी ने कम, शरम ने ज्यादा मारा." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

मी हिंमत केली. (आधी बटण लावलं.) "दादा, तुमी एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

"काहून?"

"नाही, ते... सारखं उतरावं लागतं..."

"हळद बघणं हा रोग हाय का?"

विषय संपला. पण मीही त्यांचाच भाऊ. ठरवलं, दादांना तोंडावर सांगता येत नाही ना, मग सगळ्या जिल्ह्याला सांगू. फिरत फिरत त्यांच्या कानावर जाईलच. आणि पुरुषमाणूस ही गोष्ट शांतपणे कुठं वाचेल? जिथं त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि मोबाईल खिशात असतो तिथं!

पहिला प्रयोग ऑफिसच्या मुतारीत केला. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येईल असा एक-एक कागद चिकटवला. 'लघवी सुरू व्हायला वेळ लागतो का? धार बारीक झाली का? झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का? लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. काहीच त्रास नसला तरी पन्नाशीनंतर एकदा तपासणीबद्दल विचारा.' परिणाम असा झाला की माणूस पहिला प्रश्न वाचायचा, विचारात पडायचा, आणि त्याला खरंच वेळ लागायचा! मागं लाईन लागली. तिसऱ्या दिवशी लाईनीत आमचे साहेब उभे, आणि आतून आस्थापना विभागाचा आवाज, "थांबा साहेब, तिसऱ्या प्रश्नावर हाय!"

साहेबांनी मला बोलावलं. वाटलं, आता मेमो. पण ते दार लावून म्हणाले, "तो दुसरा प्रश्न... तसं झालं तर कोणत्या डॉक्टरकडं जायचं?"

झालं! मला हुरूप आला. दुसऱ्याच दिवशी मी बाजाराजवळच्या सार्वजनिक मुतारीसाठी फ्लेक्स करायला अमोलच्या दुकानात गेलो. मजकूर दिला. अमोल म्हणाला, "काका, फोटो?"

"फोटो कशाला? कॅन्सरची माहिती हाय."

"बिनफोटोचा फ्लेक्स आपल्याकडं कोण वाचतो? आन् खाली संपर्क पाहिजे."

"बराबर हाय. बाकी तू बघून घे." मी म्हणालो आणि निघालो.

वाचकहो, फ्लेक्सच्या दुकानात आयुष्यात काहीही बोला, पण 'बाकी तू बघून घे' म्हणू नका. अमोलच्या कॉम्प्युटरात आमच्या नावाची एकच फाईल होती, दादांच्या निवृत्तीच्या बॅनरची. त्यातून त्यानं दादा उचलले, मोबाईल नंबरासकट. नमुना माझ्या मोबाईलवर पाठवला. मी मीटिंगमध्ये होतो. न उघडताच होकाराचं अंगठ्याचं चित्र पाठवलं. संध्याकाळी अमोलचा माणूस फ्लेक्स ठोकूनही आला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मोठ्या कौतुकानं बघायला गेलो आणि दारातच थिजलो. मधोमध दादा. कोट, फेटा, हात जोडलेले. डोक्यावर 'लघवीला त्रास होतोय? निःसंकोच बोला!' उजव्या बाजूला दादांचा मोबाईल नंबर. आणि खाली, निवृत्तीच्या बॅनरवरून जसंच्या तसं, 'शुभेच्छुक : समस्त परिवार व मित्रमंडळ, डोंगरकडा.' माझ्यासकट सात जणांचे गोल फोटो! सुनंदाचाही होता, पुरुषांच्या मुतारीत!

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

"वसंता."

मी बटण लावलं.

"शिरड शहापूरचा एक माणूस फोन करून राहिला. मला म्हणतो, सर, माझी धार बारीक झाली. मी म्हणलो, मग मी काय करू? तर म्हणतो, तुमीच म्हणलात की निःसंकोच बोला! मी कवा म्हणलो, वसंता?"

"दादा, चूक झाली... मी आत्ता काढतो..."

"आन् तो गजानन! सातवीला माझ्या हाताखाली होता. म्हणतो, सर, हिंगोलीत मुतारीत उभा राहिलो, वर बघितलं तर तुमी! भीतीनं लघवीच बंद झाली, तसाच घरी आलो!"

फोन आपटला. मी फ्लेक्स काढायला स्टुलावर चढलो, तर मुतारी सांभाळणारे मामा झाडू घेऊन आडवे आले. "ओ, हात लावायचा न्हाई. चांगली माहिती हाय, लोकं वाचून राहिले."

"मामा, मीच लावलाय तो!"

"कशावरून?"

मी खालच्या गोलातला माझा फोटो दाखवला. मामांनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, "ह्या माणसाला केस हायेत." (फोटो जुना होता.)

तिकडं डोंगरकड्यात वेगळाच गोंधळ. गावात बातमी गेली की सरांना मोठा आजार झाला आणि सरकारनं त्यांचा फोटो लावला. लोक भेटायला यायला लागले. कुणी केळी आणली, कुणी शहाळं. वहिनींनी दोन दिवसांत तीन वेळा दूध मागवलं. आलेला प्रत्येकजण आधी दादांना धीर द्यायचा, मग इकडंतिकडं बघून खुर्ची पुढं ओढायचा आणि बारीक आवाजात म्हणायचा, "सर, आता विषय निघालाच हाय म्हणून विचारतो..."

मी दोन दिवस दादांच्या फोनची वाट बघत होतो. शिव्यांची तयारी केली होती. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"वसंता, तो फ्लेक्स काढला का?"

"मामा काढू देईनात, दादा. पण आज मी पोलिसांत..."

"काढू नको." मग म्हणाले, "त्या शिरड शहापूरवाल्यानं विचारलं, सर, ती तपासणी रक्ताची असते का लघवीची? मला सांगता आलं न्हाई. तीस वर्षं मास्तरकी केली, पोराला 'ठावं न्हाई' असं कधी म्हणलो न्हाई. डॉक्टरची वेळ घे. मला विचारून यायचंय."

"तुमच्यासाठी?"

"लोकांसाठी!"

मी जीव मुठीत धरून वेळ घेतली. दादा दोनशे पानी वही घेऊन आले. आत एकेक प्रश्न, खाली उत्तरासाठी चार ओळी सोडलेल्या. डॉक्टरांनी सगळी उत्तरं दिली. प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची ग्रंथी पुरुषांनाच असते. वयानुसार ती वाढते, प्रत्येक तक्रार म्हणजे कॅन्सर नसतो, पण कॅन्सर सुरुवातीला काही न सांगताही येतो. रक्ताची साधी तपासणी असते, पीएसए नावाची. दादांनी सगळं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. मग डॉक्टर म्हणाले, "आता माझा एक प्रश्न. सर, तुम्ही स्वतः केली का तपासणी?"

दादांनी वहीची पानं उलटून पाहिली. तो प्रश्न वहीत नव्हता. वही मिटून म्हणाले, "वसंता, तू बाहेर बस."

अर्ध्या तासानं दार उघडलं. दादांच्या दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

रिपोर्टात पीएसए वाढलेलं आलं. मग नांदेडच्या चकरा झाल्या, स्कॅन झालं, तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. पण जिथल्या तिथं होता, कुठं पसरला नव्हता. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. हा बरा होणारा आहे." दादांनी मान डोलवली आणि ते वाक्यही वहीत लिहून घेतलं. मी मात्र हिंगोलीला येऊन थेट त्या मुतारीत गेलो आणि दादांच्या फोटोखाली उभा राहून ओक्साबोक्शी रडलो. शेजारच्या माणसानं विचारलं, "लई जळजळ होऊन राहिली का?"

उपचार झाले. दादा आता ठणठणीत आहेत, आणि जिल्ह्यात त्यांना गप्प बसवणारा कुणी उरलेला नाही. सिद्धेश्वर धरणाच्या कामगारांपासून शाळांच्या स्टाफरूमपर्यंत कुठंही वही घेऊन उभे राहतात. गेल्या महिन्यात साहेबांनी त्यांना आमच्या ऑफिसात बोलावलं. शेखचाचा पहिल्या रांगेत. दादा तासभर बोलले, मग म्हणाले, "पन्नाशी उलटलेल्यांपैकी डॉक्टरला कोण कोण भेटलं? हात वर!"

साहेबांचा हात वर. आस्थापना विभाग वर. सगळे माझ्याकडं बघायला लागले. हे सगळं ज्यानं सुरू केलं तो मी! मी पण हात वर केला.

दादांनी चष्म्यावरून पाहिलं. "वसंता, कोणत्या तारखेला?"

"ते... मागंच... पावसाळ्यात..."

"रिपोर्ट आण."

खरं सांगतो, मला सुईची भीती वाटते. आणि सुईपेक्षा जास्त रिपोर्टची. घरात एकाला निघालाय म्हणल्यावर तर जास्तच. दोन वर्षं मी गावभर कागद चिकटवत फिरलो, कारण चिकटवणाऱ्याला कुणी विचारत नाही.

दादांनी मनगट धरून मला ऑफिसातून थेट लॅबमध्ये नेलं. काऊंटरवरच्या ताईंनी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग विचारलं, "कुणी पाठवलं?"

मी जरा छाती काढून म्हणालो, "मॅडम, त्याचं असं आहे, मी स्वतःच या विषयावर काम करतो..."

मागून आवाज आला, "ताई, लिहा. पकडून आणला."

माझा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला आहे. पण नावाखाली ते तसंच छापून आल्यामुळं मला तो अजून कुणाला दाखवता आलेला नाही.