मंडईच्या काट्यावर ड्रोन

शनिवारी सकाळी विश्रांतवाडीहून बसमध्ये बसलो, तेव्हा मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि खोक्यात आमचा ड्रोन. सोमवारी बाहेरच्या परीक्षकांसमोर त्याला कॅमेऱ्यासकट दहा मिनिटं हवेत राहायचं होतं. उसन्या बॅटरीवर तो चार मिनिटांत खाली येत होता. नवी बॅटरी निवडायचं काम कॉलेजच्या प्रकल्पातल्या आमच्या गटाने माझ्यावर सोपवलं होतं. मी यवतमाळकडचा, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. तीन वर्षांत माझ्यावर कुणी काही सोपवण्याची ही पहिलीच वेळ.

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत वायरींची वेटोळी अशी टांगलेली होती, जसे आमच्याकडे आठवडी बाजारात दोरखंड टांगतात. मी बघतच राहिलो. एका अरुंद दुकानात एक वयस्कर दुकानदार खाली मान घालून डाग देत (तारा वितळत्या कथलाने जोडत) बसले होते. मी सगळ्यांत मोठी, दहा हजार एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी मागितली.

‘‘ड्रोन किती भरतो?’’ त्यांनी वर न बघता विचारलं.

‘‘एका तासात पूर्ण भरतो, सर.’’

आता त्यांनी मान वर केली. ‘‘अहो, तासात बॅटरी भरते. ड्रोन किती भरतो? किलोत.’’

एखादा आकडा ठोकून द्यावा असं मनात आलं. पण जीभ वळली नाही. माहीत नाही म्हणालो.

‘‘मग आपल्याला बॅटरी हवीय की वीट?’’

मोठी बॅटरी स्वतःलाच उचलण्यात दमते, हे त्यांनी दोन वाक्यांत समजावलं. तोलून आणल्याशिवाय ते काही विकणार नव्हते. त्यांच्याकडे काटा आहे का विचारलं, तर हे भाजीचं दुकान नाही, भाजीचं तिकडे आहे, असं म्हणून त्यांनी मंडईची दिशा दाखवली.

मंडईच्या उंच छपराखाली मेथीचा ओला वास होता. वांगी विकणाऱ्या एका मावशींना मी भीतभीतच विचारलं. त्यांनी वांग्यांचं पारडं रिकामं करून पदराने पुसलं, ड्रोन उलटसुलट पाहिला आणि गंभीरपणे म्हणाल्या, ‘‘देठासकट तोलू, का देठ काढून?’’

शेजारचे गाळेवाले हसले. मी मात्र थबकलो. कॅमेरा खोक्यातच राहिला होता. तो काढून ड्रोनला लावला. बॅटरीशिवाय बरोबर तेराशे ग्रॅम भरलं. मावशींनी वर एक पेरू दिला. तो खातच परतलो.

दुकानदारांनी मोटरींचा नंबर विचारला आणि पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. चार मोटरी मिळून साडेतीन किलोच्या वर उचलतात. बॅटरीसकट सगळं त्याच्या निम्म्यात बसवायचं. म्हणजे बॅटरी पाचशे ग्रॅमच्या आतली. त्यांनी पाच हजार एमएएचची, चार सेलची काढली. सी-रेटिंग (बॅटरी एका दमात किती जोर देते तो आकडा) मोटरींना पुरेल असं पाहिलं. पूर्ण रिकामी करू नका, फुगली तर वापरू नका, हेही बजावलं.

संध्याकाळी विश्रांतवाडीच्या मैदानावर मित्रांनी ती लहानशी बॅटरी पाहून तोंडं वाकडी केली. मी कागद पुढे केला. ड्रोन वर गेला. चार मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. अकराव्या मिनिटाला मी तो उतरवला.

‘‘तुला हे सगळं माहीत होतं?’’ एकाने विचारलं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. हा शब्द वर्गात मी तीन वर्षं गिळत आलो होतो. या शहरात तो उच्चारला की माणसं आधी टोमणा मारतात आणि मग मनापासून शिकवतात, हे कळायला मला पेठेपर्यंत जावं लागलं.