मागच्या सीटवरची गोधडी
उन्हात वाळवलेल्या गोधडीचा वास आला की मला ती मोटार आठवते. दादाच्या वरातीला भाड्याची मोटार हवी होती, म्हणून मी घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत दर विचारत फिरलो. लग्न म्हटलं की सगळेच दुप्पट भाडं सांगत. शेवटच्या मोटारवाल्याला मी थाप मारली, "आईला इस्पितळात न्यायचंय." त्याने लगेच भाडं उतरवलं. ठरल्या वेळी तो आला तो मागच्या सीटवर घरची गोधडी अंथरून. दारात आई जरीचं लुगडं नेसून, गजरा माळून उभी. "ह्याच का आई?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "बरं झालं, हिंडत्याफिरत्या आहेत," म्हणत त्याने गोधडीची घडी घातली आणि भाडंही ठरलं तेवढंच घेतलं. पुढे आईला खरोखरच इस्पितळात न्यायची वेळ आली, तेव्हा भाडं किती हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही.