पुढच्या गेटने

सातपुतेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठीमागून, आणि हॉर्न वाजवत. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत मी नुकतीच राहायला आले होते. दिवसभर ऑफिसात डोकं शिणवून घरी यावं आणि गेटच्या तोंडाशीच एका माणसाने काळी सायकल आडवी लावून गार्डशी वाद घालत उभं राहावं, याचा मला भयंकर राग आला. गार्ड मागच्या गेटकडे बोट दाखवत होता. कामवाल्या बाया, दूधवाले, इस्त्रीवाले आणि सायकली मागून, असा सोसायटीचा रिवाज होता. त्या माणसाने पँटच्या पायाला लावलेली क्लिप सावकाश काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "सी चार सौ दो. मालिक हूँ. गेट खोलिए." मग वळून त्याने माझ्या गाडीचा पुण्याचा नंबर पाहिला आणि मला मराठीत म्हणाला, "वाजवा, वाजवा. तुम्हाला घाई आहे हे त्याला कळलं तर माझंही गेट लवकर उघडेल."

हे रोजचं होतं. गार्ड एजन्सीकडून यायचे आणि चार-सहा महिन्यांनी बदलायचे. जुना गार्ड शिकून तयार झाला की नवा यायचा, आणि काकांना पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागायची. ते आवाज चढवत नसत. फ्लॅटचा नंबर सांगायचे आणि उभे राहायचे. गेट उघडेपर्यंत उभे राहायचे.

मुकुंद सातपुते मूळचे नगरकडचे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कार्यालयात ते रेकॉर्ड सांभाळत. सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी हा फ्लॅट घेतला तेव्हा समोर मोहरीची शेतं होती. मग शेतांत टॉवर आले, टॉवरांखाली गाड्या आल्या, आणि शेजारीपाजारी ज्याने त्याने हप्त्यावर मोटार आणली. काका मात्र गाझियाबाद ते कस्तुरबा गांधी मार्ग, वीसेक किलोमीटर जाताना आणि तेवढेच येताना, सायकलवरच राहिले. बंगळूरला असलेला त्यांचा मुलगा फोनवर म्हणायचा, बाबा, निदान स्कूटर तरी घ्या. काका मला म्हणाले होते, "मी मोटार घेतली तर ते गेट लगेच उघडतील गं मृणाल. पण ते मोटारीसाठी उघडतील. मला ते माझ्यासाठी उघडून हवंय."

त्यांची दुसरी खोड म्हणजे लाल दिवा. दिल्लीत सायकलवाला सिग्नलला थांबत नाही, आणि त्याने थांबावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. काका थांबायचे. पांढऱ्या पट्टीच्या बरोब्बर मागे, एक पाय टेकून, मोटारींच्या पुढे. पाठीमागे हॉर्नांचा गदारोळ चालला तरी मान वळवायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "काका, रस्ता मोकळा असतो, निघून का जात नाही?" तर म्हणाले, "दिवा हिरवा झाला की ते सगळे माझ्या पुढे जाणारच आहेत. पण लाल आहे तोवर तेसुद्धा थांबलेले आणि मीही थांबलेला. दिवसभरात तेवढाच वेळ आम्ही सारखे असतो. तो मी फुकट कशाला घालवू?"

ते निवृत्त झाले त्याच सुमाराला आमच्याकडे सायकलची फॅशन आली. टॉवर बीमधल्या बत्रांनी परदेशी बनावटीची, एका बोटावर उचलता येईल अशी सायकल आणली. मग एकाची पाहून दुसऱ्याने आणली. दर रविवारी सकाळी दहा-बारा जण चकचकीत कपड्यांत पुढच्या गेटने बाहेर पडायला लागले, आणि गार्ड त्यांना सलाम ठोकायचे. पाठदुखीवर उपाय म्हणून मीही त्यांत शिरले. पहिल्या रविवारी गेटपाशी काका दुधाची पिशवी घेऊन उभे होते. म्हणाले, "अच्छा! म्हणजे सायकलला पुढून परवानगी आहे तर. मग इतकी वर्षं अडत होतं ते कशावर?" मी हसून वेळ मारून नेली. आज त्या हसण्याची लाज वाटते.

वर्षभरात बत्रांनी बेत मांडला: डॅन्यूब नदीच्या काठाने व्हिएन्नापर्यंत आठ दिवस सायकल. बरोबर तिथली गाइड, सामान न्यायला व्हॅन, रात्री हॉटेल. सायकली तिथेच मिळणार. क्लबहाउसमध्ये नावं घ्यायला बसलो तेव्हा दार उघडून काका आत आले, घरच्या सदऱ्यात, हातात पासपोर्टसाठी काढलेले फोटो. "एक नाव माझं लिहा," म्हणाले. मग बत्रा अगदी गोड आवाजात म्हणाले, "अंकलजी, बिल्कुल चलिए! आप व्हॅन में बैठना आराम से. फोटो-वोटो खींचना." काका म्हणाले, "व्हॅन में सामान जाएगा. मैं सामान नहीं हूँ." बत्रांचा चेहरा पडला. शेवटी असं ठरलं की जाण्याआधी तीन महिने सगळ्यांनी सराव करायचा आणि एक चाचणी द्यायची. जो गटाबरोबर राहू शकणार नाही त्याने व्हॅनमध्ये बसायचं किंवा घरी राहायचं. नियम सगळ्यांना होता, पण सगळ्यांची नजर एकाच माणसावर होती.

काकांनी तयारी मांडली ती लग्नघरासारखी. करोल बागेच्या पलीकडे सायकलींचा बाजार आहे, तिथे ते मला घेऊन गेले. दुकानदाराने बुडाला गादी लावलेली घट्ट चड्डी पुढे केली. काकांनी ती दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरली आणि म्हणाले, "हे घालून मी घरी आमच्या शैलासमोर उभा राहू शकत नाही. ऑस्ट्रियासमोर काय राहणार?" शेवटी ती घेतली, पण वरून सुती पँट घालायच्या अटीवर. गेअर शिकायला माझी सायकल नेली. "चढ आला की जोर लावायचा, एवढा एकच गेअर मला माहीत आहे," असं म्हणत आठवड्याभरात शिकले.

मग त्यांच्या लक्षात आलं की तिकडे वाहनं उजवीकडून चालतात. झालं! दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर ते उजव्या बाजूने फेऱ्या मारू लागले, वळताना हात दाखवून, घंटी वाजवून. गाझियाबादेत अख्खा ट्रक उलट्या बाजूने अंगावर आला तरी कोणी ब्र काढत नाही; पण काकांच्या नावाने नोटीस बोर्डावर सूचना लागली. सेक्रेटरी स्वतः समजवायला आले, "सातपुतेजी, आप राँग साइड चल रहे हैं." काका सायकलवरून न उतरता म्हणाले, "मैं इस वक्त यूरोप में हूँ. यहाँ आप राँग साइड हैं." आणि घंटी वाजवून पुढे गेले. शैलाकाकू बाल्कनीतून बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्हाला काळजी नाही वाटत? त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं हा माणूस ट्रकांच्या धुरातून गेला आणि परत आला. आता आठ दिवस नदीकाठाने जाऊ दे की."

चाचणीचा रविवार उजाडला. आमच्या गेटपासून इंडिया गेटपर्यंत जायचं आणि परत, म्हणजे जवळजवळ काकांचा ऑफिसचा रस्ता. त्यांनी आपली काळी सायकलच काढली. आम्ही सुसाट निघालो. सकाळची वेळ, रस्ते मोकळे. वाटेत जेवढे सिग्नल लागले तेवढे आम्ही तोडले. मीही तोडले. इंडिया गेटला चहा पिऊन झाला, फोटो काढून झाले, तेव्हा काका आले. बत्रांनी घड्याळ दाखवलं. "अंकलजी, पच्चीस मिनट. वहाँ पूरा ग्रुप आपके लिए रुकेगा क्या?"

काका का मागे राहिले हे त्या सगळ्यांत फक्त मला ठाऊक होतं. आणि मी चहाच्या कागदी कपाकडे बघत उभी राहिले. बत्रांच्या ओळखीवर माझ्या नवऱ्याचं एक काम अवलंबून होतं. पण ते निमित्त झालं. खरं म्हणजे त्या चकचकीत कपड्यांच्या घोळक्यातून बाहेर पडून सुती पँटवाल्या माणसाशेजारी उभं राहायला मी घाबरले. काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यांनी माझी अडचण ओळखली होती, आणि तेच मला जास्त लागलं.

घाम पुसून ते बत्रांना म्हणाले, "ठीक है. अगले इतवार फिर से. लेकिन जो लाल बत्ती तोड़ेगा, उसकी गिनती नहीं होगी." बत्रा हसले. "अंकलजी, साइकिल के लिए कौन सी लाल बत्ती?"

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "सब के लिए होती है, बत्राजी. आज हम सब ने तोड़ी है. अंकल अकेले रुके, हर सिग्नल पे. इसीलिए लेट हुए." बत्रांनी माझ्याकडे, मग बाकीच्यांकडे पाहिलं. दोघातिघांनी माना खाली घातल्या. हरण्यापेक्षा आव्हान नाकारणं बत्रांना जड गेलं असतं. "चलो, डन," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दहा चकचकीत सायकली आणि एक काळी, अशा अकरा सायकली प्रत्येक लाल दिव्याला पट्टीमागे ओळीने उभ्या राहिल्या. बसमधले लोक खिडकीतून डोकावून बघायचे. हॉर्न वाजवून वाजवून थकलेला एक टॅक्सीवाला शेवटी आम्हाला विचारून गेला की कसली रॅली आहे. काका पहिले आले असं मी लिहिलं असतं तर वाचायला छान वाटलं असतं. ते सातवे आले. बत्रा नववे. काकांनी सायकल स्टँडवर लावली, पँटची क्लिप काढली आणि बत्रांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

डॅन्यूबच्या काठावर पहिल्या सकाळी गाइडने आम्हाला गोल उभं करून नियम सांगितले. पहिलाच नियम: लाल दिव्याला सायकल थांबलीच पाहिजे, जो थांबणार नाही तो उरलेला दिवस व्हॅनमध्ये. मी काकांकडे पाहिलं. ते नदीकडे बघत होते, मिशीतल्या मिशीत हसत. त्या आठ दिवसांत ते एकदाही व्हॅनमध्ये बसले नाहीत. एका चढावर तर बत्रा सायकलवरून उतरून चालत होते आणि काका त्यांच्याबरोबर, आपली सायकल हातात धरून, गप्पा मारत चालले. वर पोचल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला तर चढता आलं असतं." ते म्हणाले, "आलं असतं. पण तो एकटा पडला असता गं."

परतल्यावर चार वर्षांनी, एका सकाळी दाढी करता करता काका गेले. बंगळूरहून मुलगा दुपारपर्यंत पोचला. शववाहिका आली तेव्हा सेक्रेटरी हात जोडून पुढे झाले आणि हळू आवाजात काकूंना म्हणाले, "भाभीजी, पार्क में बच्चे खेल रहे हैं. बॉडी पीछे वाले गेट से निकालते हैं. यहाँ सब का ऐसे ही होता है." मुलगा मान डोलवायच्या बेतात होता. काकू रडत होत्या, त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्या शेंगा सोलत होत्या तेव्हा मी ऐकला होता तसाच त्यांचा आवाज आला, अगदी साधा. "सी चार सौ दो," त्या म्हणाल्या. "मालिक हैं. गेट खोलिए."

सेक्रेटरी काही बोलणार तेवढ्यात बत्रा पुढे गेले. ते आता थोडे लंगडत चालत. गार्ड नवा होता, गोंधळून दोघांकडे बघत होता. बत्रांनी त्याला बाजूला केलं आणि गेटची दोन्ही दारं स्वतःच्या हातांनी पूर्ण उघडली. काका पुढच्या गेटने बाहेर पडले, आणि कोणी काही विचारलं नाही.

शववाहिकेच्या मागे आम्ही सायकलींवर निघालो, डॅन्यूबवाले सगळे. पहिल्याच चौकात दिवा लाल होता. रस्ता रिकामा होता, शववाहिकेला कोण अडवणार होतं? ड्रायव्हरने वेग कमी केला नाही. पुढे त्याच्या शेजारी बसलेल्या काकूंनी हात वर केला. गाडी पांढऱ्या पट्टीच्या मागे थांबली. आम्ही तिच्या मागे, एक-एक पाय टेकून उभे राहिलो. शेजारी एक लांबलचक मोटार येऊन थांबली, तिच्या मागे एक रिक्षा, तिच्या मागे एक दूधवाला. दिवा हिरवा होईपर्यंत कोणीही हललं नाही.