सुंदरीनं नापास केलेली गाडी

आमच्या घरातली पहिली मोटार एका म्हशीनं निवडली, आणि तिची निवड चुकली असं आजतागायत कोणी म्हटलेलं नाही.

(म्हैस आमची नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर अर्ध्या शाहूपुरीनं ती माझ्या नावावर लावली.)

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि पहिला दिवाळसण बेळगावला सासुरवाडीत होता. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कोल्हापूरच्या शाहूपुरीत ऑइल इंजिनच्या सुट्या भागांचं दुकान. धंदा बरा चालला होता आणि यंदा मोटार घ्यायची एवढं घरात ठरलं होतं. कुठली, ते ठरायचं होतं. पण एवढ्याशा आधारावर मी माझ्या मेहुण्याला, बाळूला, पत्र लिहून मोकळा झालो: 'दिवाळसणाला आम्ही स्वतःच्या गाडीनं येत आहोत. गाडी स्पोर्ट्स आहे. आम्ही येताना गल्लीतली पोरं बाजूला घ्यावीत.'

पत्र पेटीत पडल्याचा आवाज आला आणि मला आठवलं, की अण्णांना आपण अजून विचारलेलंच नाही.

नवी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षं मिळायची नाही, त्यामुळे नजर जुन्यावरच. गावात विकाऊ गाड्या दोन होत्या. (कंपन्यांची नावं मुद्दाम सांगत नाही. दोन्ही मालक अजून रंकाळ्यावर फिरायला येतात.) पहिली पांढरी. निंबाळकर वकिलांची. रुंद, शांत, बसली की उठावंसं वाटू नये अशी. दुसरी लाल. बाबूराव मिस्त्रींची. बाबूराव मूळचे फटफट्या दुरुस्त करणारे. त्यांनी ही गाडी कुठून तरी मोडक्या अवस्थेत आणून दोन वर्षं तिच्यावर मेहनत घेतली होती. दोन कार्ब्युरेटर, खाली जमिनीतून येणारा गिअर, पोटरीपर्यंत बसकी बैठक, आणि इंजिन किती फिरतंय ते दाखवणारं एक जादा घड्याळ. ते घड्याळ पाहूनच माझं निम्मं भान हरपलं होतं.

मी वहीत दोन रकाने आखले. पांढरीच्या रकान्यात लिहिलं, 'मागं तिघं ऐसपैस. डिकीत पोतं बसतं. हीटर आहे.' (कोल्हापुरात हीटर कशाला लागतो हे वकीलसाहेबांनाही सांगता आलं नाही. "असावा," एवढंच म्हणाले.) लालच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून मी समासात लिहायला लागलो.

अण्णांनी वही वाचली, मिटली आणि तिच्यावर तंबाखूची डबी ठेवली.

"हे समदं वहीतलं झालं. गाडी वळणावर कशी बसती, ते कसं कळणार?"

"चालवून बघूया की अण्णा."

"चालवणार तू. तुला तर लालच गोड लागणार. मला पुरावा पायजे." त्यांनी आत हाक मारली. "अगं, रविवारी मटण हाय न्हवं? पातेलंभर तांबडा रस्सा जास्त कर. तू मांडीवर पातेलं घिऊन मागं बसायचंस. दोन्ही गाड्यांतनं केर्लीपर्यंत जायचं आन् यायचं. जिच्यात रस्सा सांडंल ती नापास."

ही परीक्षा अण्णांनी हवेतून काढली नव्हती. आदल्या वर्षी गावच्या जत्रेहून भाड्याच्या जीपमधून येताना पाहुण्यांनी दिलेला रस्सा त्यांच्या धोतरावर सांडला होता. तेव्हापासून वाहनाची किंमत ते एकाच गोष्टीत मोजत असत. आमच्याकडं कुठल्याही पाहुण्याकडून कोणी रिकाम्या हातानं परत येत नाही, आणि हातात असतो तो रस्साच. त्यामुळे परीक्षा अगदीच गैरवाजवी होती असं मला आजही म्हणता येत नाही.

रविवारी सकाळी पांढरीचा नंबर पहिला. मी चालवायला, शेजारी वकीलसाहेब, मागं अण्णा आणि मांडीवर पातेलं घेतलेली आई. पातेल्यावर झाकण ठेवायला अण्णांनी मनाई केली होती. "झाकण म्हंजे कॉपी," ते म्हणाले.

पंचगंगेचा पूल ओलांडला. गाडी अशी चालली होती की मला मध्येच आपण निघालो की नाही अशी शंका आली. खरं सांगतो, रस्सा सांडावा अशी माझी मनापासून इच्छा होती. केर्लीच्या अलीकडच्या वळणावर मी स्टेअरिंग जरा जास्तच फिरवलं. वकीलसाहेब दारावर आदळले. अण्णा आईवर गेले. आईनं पातेलं नुसतं वर उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. थेंब नाही! जन्मभर डोक्यावर दोन घागरी घेऊन बांधावरून चाललेली बाई ती. गाडी उलटली असती तरी रस्सा सांडला नसता.

"गाडी न्हाय, पाळणा हाय," अण्णा म्हणाले. वकीलसाहेब खांदा चोळत म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

परत आलो तेव्हा आई झोपली होती. पातेलं सरळ होतं.

आता लाल. मी चालवायला बसलो, बाबूरावांनी शेजारून हात घालून किल्ली फिरवली आणि शाहूपुरीतले दुकानदार बाहेर आले.

"काय फुटलं का रं?" आईनं पातेलं छातीशी धरून विचारलं.

"फुटलं न्हाय काकू. ताकद हाय ती," बाबूराव म्हणाले. "परवाच नवीन नळी बसवलीया सायलेन्सरला. आवाज ऐका की, काळीज हालतंय."

माझं तर हललं होतंच. मी गिअर टाकला, गाडी पुढं झेपावली आणि त्या क्षणी मला बेळगावची ती गल्ली दिसली. दोन्ही बाजूला उभी माणसं, दारात बाळू, आणि मधून मी. मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

आणि वळणं! गाडी रस्त्याला चिकटून बसली होती. मी स्टेअरिंग बोटानं फिरवावं आणि तिनं मनातलं ओळखून वळावं. पातेल्यातला रस्सा काठापर्यंत यायचा, जरा थांबायचा आणि परत जायचा. केर्लीला वळून आम्ही माघारी फिरलो तरी एक थेंब बाहेर नाही. मी आरशातून अण्णांकडं पाहिलं. अण्णा डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते. आयुष्य इंजिनांत गेलेल्या माणसाला असा आवाज म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

"अण्णा?"

"बघू," ते म्हणाले. अण्णांचं 'बघू' म्हणजे बारा आणे होकार. बेळगाव आता फक्त चार आणे दूर होतं.

तिथंच थांबायला हवं होतं. पण पूल ओलांडल्यावर बाबूराव म्हणाले, "जाता जाता एकदा खाली पाय मारून सोडा की. तीनदा. इंजिन कसं फिरतंय ते अण्णांना दाखवा." मी तीनदा पाय मारला. नळीतून तीन दणदणीत आवाज निघाले आणि जादा घड्याळाचा काटा तीनदा नाचला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर काटा.

मग मी आरशात पाहिलं. आरशात म्हैस होती.

आता कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींचा सगर असतो. शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा घालून गवळी आपापल्या म्हशी रस्त्यावर पळवतात. काही जण पुढं फटफटी घेऊन जातात, आणि तिच्या फाटक्या आवाजावर म्हैस मागं धावत येते. त्यासाठी तिला महिनाभर आधी शिकवावं लागतं. दिवाळी आठ दिवसांवर होती, आणि नदीवर म्हशी धुवायला आणायची वेळ तीच होती.

"मागं म्हस हाय," मी म्हणालो.

"कुणाची?" अण्णांनी विचारलं. त्यांना आधी तेच सुचलं.

"हळू घ्या, म्हंजी जाईल फुडं," बाबूराव म्हणाले. मी हळू घेतली. म्हैस माझ्या खिडकीशी आली आणि माझ्याकडं मोठ्या विश्वासानं पाहू लागली. "न्हाय, न्हाय, पळवा!" बाबूराव ओरडले. मी पळवली. आवाज वाढला, तशी म्हैसही वाढली. आता तिच्यामागं आणखी पाच होत्या, त्यांच्या मागं सायकलवर एक धिप्पाड माणूस होता आणि तो "सुंदरे! सुंदरे!" असं ओरडत होता.

दसरा चौकात लोकांना वाटलं की सगराची तालीम चालली आहे. कोल्हापुरात एकदा असं वाटलं की लोक विचारत बसत नाहीत. टाळ्या पडल्या, कुठून तरी हलगी आली, दोघा पैलवानांनी वाहतूक अडवून आम्हाला वाट करून दिली. कोणी तरी आमच्या टपावर गुलाल उधळला. मी लाजेनं मरायला हवं होतं. पण खरं सांगू का? दुसऱ्या गिअरमध्ये, हलगीच्या ठेक्यावर, गुलालातून ती लाल गाडी नेताना मला आयुष्यात पहिल्यांदा आपण कोणी तरी आहोत असं वाटलं.

"समोर बघ," अण्णा म्हणाले.

समोर आमचं दुकान होतं. दुकानासमोर एक हातगाडी आडवी उभी होती, त्यामुळे थांबणं भाग होतं. हातगाडीशेजारी माझी बायको सुमन उभी होती, आणि तिच्याशेजारी, हातात पिशवी घेऊन, दिवाळसणाचं आमंत्रण द्यायला सकाळच्या गाडीनं बेळगावहून आलेला बाळू.

मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. रस्सा काठापर्यंत आला, थांबला आणि परत गेला. थेंब नाही! मी वळून विजयानं अण्णांकडं पाहिलं.

आणि सुंदरीनं मागच्या खिडकीतून डोकं आत घातलं.

नंतर कळलं, की पळून झाल्यावर तिला गुळाचा खडा मिळत असे. ती तो शोधत होती. आई शेतकऱ्याची लेक, ती घाबरली नाही. सुंदरीच्या कपाळावर हात ठेवून समजावत म्हणाली, "गूळ न्हाय गं बाय, रस्सा हाय." सुंदरीनं खात्री करून घेण्यासाठी नाक पातेल्याशी नेलं, दीर्घ श्वास घेतला, आणि कोल्हापुरी तिखटाला ती जशी शिंकली तशी म्हैस शिंकलेली मी पुन्हा पाहिली नाही.

रस्सा टपाला लागला. रस्सा बाबूरावांच्या मानेवर आला. बाकी सगळा अण्णांच्या धोतरावर.

हलगी थांबली. बाळू पुढं आला, वाकून खिडकीतून आत डोकावला आणि म्हणाला, "काय दाजी, पत्रात म्हशीचं काय लिहिला नव्हतासा की ओ."

एवढ्यात सायकलवाला पोचला. तो शामू गवळी. धापा टाकत त्यानं आधी म्हशीचं नाक पुसलं, मग गाडीला एक चक्कर मारली, मागं वाकला आणि तसाच ताठ उभा राहिला.

"बाबूराव, माझी फटफटी तुमच्याकडं दुरुस्तीला टाकून पंधरा दीस झालं."

"व्हय."

"तिची सगराची नळी हितं काय करती?"

बाबूराव मानेवरचा रस्सा पुसत म्हणाले, "आवाज लई झकास हुता शामूदा. म्हटलं, गाडी इकंपर्यंत वापरू." मग माझ्याकडं वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्हशीची चूक न्हाय. तिनं नळी वळखली."

त्यांनी तिथंच पान्यानं ती तापलेली नळी सोडवून, पोत्यात गुंडाळून शामूच्या हातात दिली आणि गाडी पुन्हा चालू करून दाखवली. शिलाई मशीन चालावी तसा आवाज आला. माझ्या वहीतलं समासापर्यंत गेलेलं सगळं स्पोर्ट्सपण शामू गवळी काखेत मारून घेऊन गेला. सुंदरी त्याच्यामागून गेली, जाताना तिनं वळून बघितलंसुद्धा नाही.

तरीही मी शेवटचा प्रयत्न केला. "अण्णा, गाडीनं सांडला न्हाय. म्हशीनं सांडला. वळणावर बघितलासा न्हवं तुम्ही?"

अण्णा धोतराचा सोगा पिळत होते. "बघितलं की. गाडी चांगली हाय."

"मग?"

"पांढऱ्या गाडीत म्हस आलेली न्हवती," ते म्हणाले आणि अंघोळीला गेले.

दिवाळसणाला आम्ही पांढऱ्या गाडीनं बेळगावला गेलो. सुमनच्या मांडीवर आईनं दिलेलं पातेलं होतं आणि एक थेंब सांडला नाही. गल्लीतली सगळी पोरं रस्त्यावर होती. बाळूनं त्यांना बाजूला घेतलं नव्हतं, उलट गोळा करून ठेवलं होतं, आणि ती सगळी माझ्या मागं बघत होती, म्हैस कुठं आहे म्हणून. पाडव्याला ओवाळणीच्या ताटावरचा रुमाल सासऱ्यांनी बाजूला केला. अंगठीशेजारी पितळेची घंटा होती. म्हशीच्या गळ्यात बांधतात ती.

"तुमची गाडी आवाज करत न्हाई म्हणून बाळू म्हटला," ते गंभीरपणे म्हणाले. "असू द्या जवळ."

ती घंटा अजून स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. घरी पाहुणे आले, गाड्यांचा विषय निघाला आणि मी "वळणावर गाडी कशी बसते, ते महत्त्वाचं" असं सुरू केलं की सुमन आतून ती एकदा वाजवते. मी आहे त्या वाक्यावर थांबतो. सुंदरीला शामूनं महिनाभर शिकवलं होतं, मला सुमननं जन्मभर. शिकवण दोघांचीही सारखीच पक्की. फक्त तिला शेवटी गूळ मिळायचा.