अडलं की घमेल्यात

विंचूरच्या एका खळ्यावर मंजुषा दिवसभर कांदे निवडते आणि संध्याकाळी त्याच खळ्याच्या ओट्यावर सोबतच्या बायांच्या पोरांचा अभ्यास घेते. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. पोरं ढिगावर उड्या मारत होती, शेठ खेकसत होता, तेव्हा "बसा इथं गुमान" म्हणून तिने एकदा दटावलं आणि ते काम गळ्यातच पडलं. स्वतःची शाळा आठवीत सुटलेली. पण उत्साह असा, की अभ्यास पोरांचा आणि घाई हिची.

यंदा दिवाळीनंतर तिचा जीव वेदिकात अडकला होता. सोबत कांदे निवडणाऱ्या आशाची ही पाचवीतली लेक मैदानात भन्नाट पळायची, वहीपुढे मात्र गोगलगाय. गणित अडलं की खोडायचं, परत लिहायचं, कागदाला भोक पडेपर्यंत. तिच्या वर्गाच्या प्रतिभामॅडमनी साफ सांगितलं होतं, सुट्टीचा अभ्यास उद्या सकाळी दाखवला नाही तर दुपारच्या खो-खोच्या सामन्यात वेदिका नाही.

"खळ्यावर आपण पहिलं काय काढतो? सडका कांदा," मंजुषाने फर्मान सोडलं. "तू पण सगळ्यात अवघड गणित आधी काढ."

झालं. वेदिका त्या एका गणितावर जी बसली, ती दिवेलागण झाली तरी पुढे सरकेना. डोळ्यांतलं पाणी वहीवर पडायला लागलं. आपलीच अक्कल पोरीला नडली, हे मंजुषाला चरचरून कळलं.

खाली आशा शेवटचा ढीग निवडत होती. हाताला मऊ लागलेला कांदा तिने दाबत बसून पाहिला नाही. शेजारच्या घमेल्यात टाकला आणि पुढचा उचलला. असे शंकेचे कांदे शेवटी सगळ्या बाया मिळून बघतात. मंजुषा रोज हेच करते. काखेत कळसा नि गावाला वळसा! ती ताडकन उठली आणि एक रिकामं घमेलं आणून तिने पोरांमध्ये आदळलं.

"अडलं की चिठ्ठीवर लिहायचं आणि घमेल्यात टाकायचं. थांबायचं नाय."

वेदिकाने पहिली चिठ्ठी टाकली ती भीतभीतच. मग पेन्सिल जी सुटली, ती सुटलीच. "घमेल्यात!" सनी ओरडला, "घमेल्यात!" समर्थ ओरडला, आणि ओट्यावर नुसता कल्ला झाला. शेवटी सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या उघडल्या. समर्थने वेदिकाला भागाकार दाखवला, तिने त्याला निबंधाची सुरुवात सांगितली. मंजुषाला तर आनंदाने एका जागी बसवेना.

एक चिठ्ठी उरली. तेच पहिलं गणित. ते कोणालाच सुटेना.

"मावशी, तुम्ही सांगा ना," वेदिका म्हणाली.

"मला पण नाय येत गं," मंजुषा म्हणाली. "मॅडमला विचार."

दुसऱ्या दिवशी तिचं कांद्यात लक्षच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत भाकरी तशीच ठेवून ती शाळेच्या मैदानाकडे धावत सुटली. वेदिका पाटीवर होती, दोन खांबांमधल्या रांगेत बसलेली. मंजुषाचा ऊर भरून आला.

"एक गणित राहिलं हिचं," कडेला उभ्या प्रतिभामॅडम म्हणाल्या. "पण नेमकं कुठे अडलं ते सांगत आली. एरवी नुसती रडायची."

एवढ्यात वेदिकाला खो मिळाला. पुढची पोरगी भलतीच चपळ, हाताशी येई आणि निसटे. एरवी वेदिका दम तुटेपर्यंत हट्टाने तिच्याच मागे पळाली असती. आज ती दोन पावलं पळाली, थांबली, आणि पुढे बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर तिने थाप मारली.

"खो!"

मैत्रीण उसळली आणि चपळ पोरगी बाद झाली. रिकाम्या जागी बसता बसता वेदिकाने कडेच्या गर्दीत मंजुषाला शोधलं आणि हाताने काहीतरी बाजूच्या घमेल्यात टाकल्यासारखं केलं.